शेरेवहीतलं उलट उत्तर

मी शेरेवही बोलतेय. खरं तर बोलायला तोंड उरलेलं नाही, पण पोटात ठेवून ठेवून आता पोटच दुखायला लागलंय. म्हणून सांगते. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. मलाही त्यातलं काही आठवलं की हसू येतं, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीच्या दुकानात झाला. दोनशे पानं, काळा पुठ्ठा, पाठीला लाल कापड. माझ्याबरोबर आणखी पाच बहिणी शिवल्या गेल्या आणि आम्ही सगळ्या एकाच शाळेत आलो. एक हजेरीची झाली, एक ग्रंथालयाची. एका बिचारीत तर नुसती मोडक्या बाकांची यादी. माझ्या वाट्याला शिस्त आली. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी माझ्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने नियमांचा कागद चिकटवला. तेव्हा मी अशी काही फुगले की शिवण उसवायचीच बाकी राहिली.

नियम सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होते. घंटा झाल्यावर वर्गात येऊ नये. जिन्यात धावू नये. दुसऱ्याच्या दप्तराला विचारल्याशिवाय हात लावू नये. असे अकरा. त्याखाली शिक्षेच्या पायऱ्या. पहिल्या शेऱ्याला तोंडी समज, दुसऱ्याला घरी चिठ्ठी. तिसऱ्याला पालकांना बोलावणं, मुलाकडून लेखी हमी आणि आठवडाभर वर्गाबाहेर, ऑफिससमोरच्या बाकावर बसणं. आणि सगळ्यात शेवटी लाल शाईने एक ओळ होती: 'शिक्षकांना उलट उत्तर दिल्यास थेट तिसरी पायरी.'

आता आमच्याकडची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. शिक्षक माझ्यात थेट लिहीत नसत. आठ शिक्षकांची आठ अक्षरं, त्यातली तीन तर ज्याची त्यालाच लागत नाहीत. म्हणून शिक्षकांच्या खोलीबाहेर बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला. ज्याला तक्रार करायची त्याने चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. दर शुक्रवारी ऑफिसातले कारकून डबा उघडायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या माझ्यात उतरवून घ्यायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून शाळा त्यांना मोतीभाऊ म्हणते. उतरवून झालं की चिठ्ठ्या केराच्या टोपलीत.

शुक्रवार म्हणजे माझी चंगळ. खोटं कशाला बोलू? 'तासाला डब्याचे झाकण वाजवले.' 'शिक्षकांची नक्कल केली', आणि पुढे कंसात 'हुबेहूब'. 'फळ्यामागे लपून तास संपेपर्यंत बाहेर आला नाही.' मोतीभाऊ लिहिता लिहिता गालात हसायचे. आणि मी? मी हावरटासारखी वाट बघायची की एखादं उलट उत्तर कधी येतंय. ते आलं की ऑफिसात लगबग उडायची, कुणाचे तरी आईबाप यायचे, मला टेबलाच्या मधोमध उघडून ठेवायचे. मोठ्या बाई माझ्यावर बोट ठेवून बोलायच्या. त्या बोटाची मला चटक लागली होती. आज हे सांगताना मान वर होत नाही.

मग तो शुक्रवार आला. डब्यातून गणिताच्या बाईंची चिठ्ठी निघाली: 'सहावी ब, क्रमांक एकवीस. आज सर्वांसमोर, मोठ्याने, उलट उत्तर दिले! यापुढे रोज लक्ष द्यायला हवे.'

मोतीभाऊंनी चष्मा वर केला. "एकवीस? अहो, ही तर मनी!"

मनी म्हणजे मांजरीच्या पावलांनी येणारी आणि तशीच जाणारी मुलगी. तिचे शब्द पहिल्याच अक्षराला अडकायचे. एकदा अडकले की पोरं माना वळवून बघायची, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. माझ्या त्या हजेरीच्या बहिणीला विचारा, तिने मनीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"मुखदुर्बळ पोरी अशाच," मोतीभाऊ म्हणाले. "एकदा तोंड उघडलं की मग आवरत नाहीत. बाईंनी बघा, उद्गारचिन्ह घातलंय."

गणिताच्या बाई त्याच सकाळी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेल्या होत्या. त्यांना विचारायचं कुणी? फोन होता, पण मला विचाराल तर कुणाला गरजच वाटली नाही. चिठ्ठी होती ना. मोतीभाऊंनी मोत्यासारख्या अक्षरात तो शेरा माझ्या एकशे एकाहत्तराव्या पानावर उतरवला आणि चिठ्ठी टोपलीत टाकली. मला आनंद झाला. खरंच झाला. किती महिन्यांनी एक उलट उत्तर!

सोमवारी मनीला ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई वाईट नाहीत हो. त्या नेहमी आधी विचारतात. त्यांनी मनीलाही विचारलं.

"तू गणिताच्या बाईंना उलट उत्तर दिलंस?"

मनीने मान हलवली. हो.

"सगळ्या वर्गासमोर?"

हो.

"का गं? असं का केलंस?"

मनीचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी शब्द आले. "म-मला वाटलं, तेच ब-बरोबर आहे."

मोठ्या बाईंनी मोतीभाऊंकडे पाहिलं आणि मोतीभाऊंनी छताकडे. एवढीशी पोर, तोंडावर सांगते की तेच बरोबर! मोठ्या बाईंचं बोट माझ्यावर आपटलं. मला दुखलं नाही, उलट बरंच वाटलं.

दुपारी तिची आई आली. ती बस आगारात तिकिटाच्या खिडकीवर काम करते. दिवसभर काचेआडून ओरडून तिचा घसा बसलेला असतो. तिने शेरा दोनदा वाचला.

"माझी मनी? उलट उत्तर? अहो बाई, ती घरात सरळ उत्तर देत नाही, उलट कुठून देणार?"

"तिने स्वतः कबूल केलंय."

"बोलून?"

"बोलून."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या बाईचा चेहरा क्षणभर उजळला. लेक वर्गात बोलली, हेच तिच्या डोक्यात आधी गेलं. मग कशाबद्दल इथे बोलावलंय ते आठवलं आणि तिने ओशाळून पदर सारखा केला. "चुकलं तिचं. समजावते मी," असं म्हणून तिने माझ्या खालच्या कोपऱ्यात सही केली. मनी शेजारी उभी होती. आई कशाची माफी मागतेय, हे तिच्या डोळ्यांना कळत नव्हतं, एवढं मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

मग हमी. मोतीभाऊंनी तिला कागद दिला आणि सांगितलं, "लिही, मी पुन्हा उलट उत्तर देणार नाही." मनी बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग लिहिलं, सही केली आणि दिलं. मोतीभाऊ वाचून चुकचुकले. "एक शब्द गाळलान की पोरीने. असू दे, मतलब कळतो." कागदाला डिंक लावून तो माझ्या पानाला चिकटवून टाकला.

तिने लिहिलं होतं: 'मी पुन्हा उत्तर देणार नाही.'

तो कागद माझ्या अंगाला लागला, ओला होता, मी तो अक्षरन् अक्षर वाचला. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शी, सहावीतली मुलगी आणि एक वाक्य धड उतरवता येत नाही! एवढी मी शहाणी.

आठवडाभर मनी ऑफिससमोरच्या बाकावर बसली. दार उघडं असायचं, त्यामुळे मला ती दिसायची. ती रडायची वगैरे नाही. वही मांडीवर घेऊन एकच गणित पुन्हा पुन्हा सोडवायची. येणारे जाणारे विचारायचे, "काय गं, काय केलंस?" ती मान खाली घालायची. आठवीतली पोरं तिला म्हणायची, "वा वस्ताद, गणिताच्या बाईंनाच?" तेव्हाही मान खालीच.

पंधरा दिवसांनी गणिताच्या बाई परत आल्या. पहिलाच तास सहावी ब. अर्ध्या तासात त्या ऑफिसात आल्या, हातात खडू तसाच.

"मोठ्या बाई, मनीकडून काय लिहून घेतलंत तुम्ही?"

"का? काय झालं?"

"मी तिला उत्तर विचारलं. ती उठली नाही. म्हटलं, बोल गं, मागच्या वेळेसारखं. तर तिने वहीत लिहून मला दाखवलं, 'मी लिहून दिलंय.' काय लिहून दिलंय?"

मोतीभाऊंनी मला उघडून पुढे सरकवलं. बाईंनी शेरा वाचला, हमी वाचली, आणि खडू टेबलावर टाकला.

"अहो, हे उलट उत्तर नाही! म्हणजे उत्तर उलट होतं. अपूर्णांक हो! चार मीटर फीत तिघींत वाटायची, प्रत्येकीला किती? चार छेद तीन. ती म्हणाली, तीन छेद चार. वरचं खाली, खालचं वर! मी हसून म्हटलंसुद्धा, अगं, उत्तर उलट झालं."

"मग चिठ्ठीत 'सर्वांसमोर' असं..."

"सर्वांसमोर बोलली ना ती! मोठ्याने! चार महिने मी तिच्या मागे होते. रोज एक प्रश्न, रोज वाट बघायची. त्या दिवशी आपण होऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं, मलाच आठवण राहावी म्हणून. आणि जायच्या घाईत वर्गाच्या दोन तक्रारींबरोबर तीही डब्यात टाकली गेली माझ्या हातून."

मोतीभाऊ पुटपुटले, "आमच्या ऑफिसात उलट उत्तराचा एकच अर्थ होतो हो." ते हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही.

"वर्गात चुकीचं उत्तर दिलं म्हणून आईला बोलावलं, असं वाटतंय तिला," गणिताच्या बाई म्हणाल्या. "आणि काय हो, सगळ्या शाळेत तिच्याइतकी शिस्तीची मुलगी नाही. लिहून दिलं ते पाळतेय."

मला तेव्हा कळलं की माझ्या अंगावर काय चिकटवलं होतं. शब्द गाळला नव्हता. तिने नीट विचार करून, समजून, तेवढंच लिहिलं होतं. आणि मी तिच्या व्याकरणाला नाकं मुरडत बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी समजलं. पण वहीला धरणी कुठली? टेबल होतं, त्यावर पडून राहिले.

मोठ्या बाईंना मी एका गोष्टीसाठी मानते. त्यांनी सारवासारव केली नाही. लाल पेन घेऊन एकशे एकाहत्तराव्या पानावर आडवी रेघ मारली, 'रद्द. चूक शाळेची.' असं लिहिलं आणि सही केली. आईला फोन केला. पलीकडून त्या बसलेल्या घशातून एवढंच आलं, "मी पण तिला रागावले हो. मी पण ऐकून घेतलं नाही."

मग मला काखेत मारून मोठ्या बाई स्वतः सहावी 'ब'च्या वर्गात गेल्या. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "मनी, बाळा, चूक आमची होती. तू काहीच वाईट केलं नाहीस. तो शेरा मी खोडलाय, हे बघ." आणि मला उघडून तिच्यासमोर धरलं. तिने पाहिलं. रेघेखालून अक्षरं स्वच्छ दिसत होती, मोत्यासारखी. मनीने मान हलवली. बरं.

मोठ्या बाई मला गणिताच्या बाईंच्या टेबलावर ठेवून घाईने दुसऱ्या कामाला गेल्या. तेव्हापासून मी तिथेच आहे, वर्गात. कुणी न्यायला आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऑफिसात मला उघडायचा धीर आता कुणालाच होत नाही.

गणिताच्या बाई रोज तिला एक प्रश्न विचारतात. फळ्यावर लिहितात, बाजूला होतात आणि थांबतात. पोरंही आता थांबतात, कुणी मान वळवत नाही. ती मागच्या बाकावरची दोन वात्रट पोरंसुद्धा हाताची घडी घालून गप्प बसतात. काल असाच प्रश्न झाला. मनी उभी राहिली. तिला उत्तर येत होतं, चेहऱ्यावरूनच कळत होतं. तिने श्वास घेतला. ओठ जुळले. पहिलं अक्षर आलंच होतं.

तेवढ्यात तिची नजर टेबलावर माझ्याकडे गेली. ओठ मिटले. ती खाली बसली आणि उत्तर वहीत लिहून दाखवलं. बरोबर होतं.

गणिताच्या बाई, मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत. मला रद्दीत घाला, माळ्यावर टाका, पानं फाडून त्यांच्या पुड्या बांधा, माझी काही तक्रार नाही. पण उद्या तुमच्या तासाआधी मला या टेबलावरून उचला. ती पोर उभी राहील तेव्हा मी तिला दिसता कामा नये.