माऊलीचा उजवा कान

माह्या माऊलीला जन्मापासून उजवा कान नव्हता, नुसता शेंगदाण्याएवढा मांसाचा तुकडा. मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं त्याच्याच बरगडीचं मऊ हाड काढून, कोरून, वर कातडी चढवून कान केला. हुबेहूब! आमचं हिंगोलीकडचं सारं गोरेगाव बघायला आलं, अन् जो तो बोट लावायला बघायचा. मी म्हणायची, "बाजारातलं वांगं हाय काय दाबून बघायला?"

माऊली मात्र म्हणायचा, "आई, हा डॉक्टरचा कान हाय. हात लावला तरी मला काहीच समजत न्हाई." डॉक्टर म्हणले व्हते, जाणीव यायला वेळ लागंल, जपा.

मंग आरोहीसंगं लगीन ठरलं. आमच्यात कानपिळी असती. नवरीचा भाऊ मांडवात नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून. अन् हिचा भाऊ नरसिंग हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलतो! त्याचा पंजा म्हंजी सुपाएवढा!

त्याला बाजूला घेऊन बजावलं, "काजळाचा टिपका असंल तोच कान पिळ. दुसऱ्याला हात लावला तर माह्याशी गाठ हाय." अन् माऊलीच्या डाव्या कानाला टिपका लावला.

मांडवात नरसिंग वाकला अन् थबकला. "मावशी, टिपके तर दोन्हीकडं हायेत!"

माही धाकटी जाऊ मिना पुढं झाली. "म्या लावला. नजर नव्या कानाला लागंल का जुन्याला? जाऊबाई काय बी करतात."

"अगं भवाने!" मी ओरडले. सारा मांडव हसून राहिला. "नरसिंग, डावा पिळ, डावा!"

"माहा डावा का दाजीचा?"

तेवढ्यात माऊलीनं मुंडावळी सारली अन् उजवा कान पुढं केला. "शाळेत मास्तर माहा एकच कान पिळायचे. इकडं हात आला की काहीच सापडायचं न्हाई, पोरं हसायची. आज सापडतोय. पिळा, नरसिंगभाऊ."

म्या डोळे मिटले.

"आई गं!" माऊली किंचाळला.

म्या नरसिंगच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा फेटाच उडाला. "मेल्या, तोडलास माह्या लेकराचा कान!"

"थांब आई," माऊली कान धरून हसत व्हता, डोळ्यांत पाणी. "दुखलं गं. खरंच दुखलं. माहाच कान हाय."

म्या पदरानं डोळे पुसले, फेटा उचलून नरसिंगच्या डोक्यावर ठेवला अन् म्हणलं, "बाबा, अजून एकदा पिळ."