दानेश्वरीचा विषय

नववीला यंदापासून एक व्यवसाय विषय घ्यावाच लागेल, असा वरून आदेश आला आणि आमच्या शाळेने कुणाला न विचारताच वाटणी करून टाकली. मुलींना ब्यूटी, मुलांना वर्कशॉप. माझं डोकंच फिरलं. मी विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या दानेश्वरीला वर्कशॉप हवंय, हे हेडसरांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. तर पालकसभेत तिचे वडीलच आडवे आले.

"न्हाय म्हंजे न्हाय," भीमाशंकर म्हणाले. "ब्यूटीच घेऊ द्या तिला."

"का? मुलगी आहे म्हणून?" मी भर सभेत तडकले.

त्यांनी खिशातला उजवा हात काढून टेबलावर ठेवला. दोन बोटं नव्हती.

"चिंचोळीला कारखान्यात गेली, मॅडम. मशीनच्या पट्ट्यावरचं झाकण काढलेलं. साहेब म्हणला, माल आजच जायचाय, चालव तसंच. मला न्हाय म्हणता आलं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेडसरांना मात्र सभा गुंडाळायची घाई. "अहो, आमचं मशीन नवंकोरं आहे. चला, दाखवतो!"

दानेश्वरीसकट आम्ही सगळे वर्कशॉपच्या खोलीत आलो. लोखंडाला भोक पाडायचं ते मशीन होतं.

"दानेश्वरी, तूच चालू कर. वडिलांची भीती जाऊ दे."

तिने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. "सर, पट्ट्यावर झाकण नाहीये."

"खोक्यात असेल, उद्या बसवू. तू कर चालू."

"मग उद्याच करते, सर."

कुणीतरी खुदकन हसलं. हेडसरांचा चेहरा लाल झाला. "एवढे पालक बघतायत. वर्कशॉप हवंय ना तुला? मग दाब बटण!"

तिला हा विषय किती हवा होता, ते मला ठाऊक होतं. भीमाशंकर जागेवरच थिजले होते. दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"नाही, सर."

"मग जा, ब्यूटीत बस!"

भीमाशंकर गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि लेकीच्या शेजारी उभे राहिले.

"ब्यूटीत न्हाय बसायची ती," ते म्हणाले. "वर्कशॉपच लिवा. आन् झाकण बसल्याबिगर मी हितनं हलत न्हाय."