दादाचे धूड

"दार पूर्ण उघड! अर्ध्या दारातून हे कधी आत आलंय का?" दादा फुटपाथवरून ओरडला.

"दार पूर्णच उघडं आहे. तूच आडवा उभा आहेस," धाकट्याने दुकानातून उत्तर दिले आणि हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. महिन्याभरातली ही तिसरी खेप. फुंकून वाजवायची वाद्ये दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. गिऱ्हाइकांनी डोके खाण्याची सवय होती, पण सख्ख्या भावाएवढे ते कोणी खाल्ले नव्हते.

दोघांनी मिळून वाद्याची भलीमोठी पेटी आत ओढली. नेहमीप्रमाणे तिचा कोपरा दादाच्या गुडघ्याला लागला आणि नेहमीप्रमाणे दोष धाकट्याला मिळाला.

पेटीत दादाची क्लॅरिनेट होती. साधी क्लॅरिनेट काखेत मारून नेता येते. ही मात्र तिच्याहून दोन सप्तके खाली बोलणारी, धातूची, दोन ठिकाणी दुमडलेली आणि उभी केली की दादाच्या छातीला लागणारी. घरात आणि दुकानात तिला सगळे 'धूड' म्हणत.

"तळाचा स्वर परत गेलाय," दादा स्टुलावर टेकत म्हणाला. "वरचं सगळं ठीक. खाली उतरलो की नुसती हवा. कुठेतरी गळतंय."

"गेल्या आठवड्यात दोन पॅड बदलली की!"

"मग नीट बसवली नसशील."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरे तर त्याचा राग भावाइतकाच या वाद्यावर होता. क्लॅरिनेटला खर्जात उतरवायचा नाद लोकांना गेली दोनशे वर्षे आहे. नळी लांब करावी, तर छिद्रे इतकी दूर जातात की बोटे पोचत नाहीत, आणि इतकी मोठी होतात की पोचली तरी झाकत नाहीत. मग प्रत्येक छिद्राला झाकण, झाकणाला हवा अडवणारे मऊ पॅड, वर लांबलचक दांडी आणि दांडीला स्प्रिंग. कोणी लाकूड कोरून पाहिले, कोणी नळी दुमडून पाहिली, कोणी शेवटी धातू वाकवला. त्यांच्यापैकी एकालाही हे कधी दुरुस्त करावे लागले नसणार, अशी धाकट्याची खात्री होती. एक झाकण केसभर उघडे राहिले की तळाचा स्वर बोंबलला, आणि कुठले झाकण ते बसा शोधत.

"शनिवारी कार्यक्रम आहे," दादा म्हणाला. "संध्याकाळच्या तालमीत स्वर आला नाही तर बँडमास्तर माझा भाग ट्यूबावाल्याला देणार. जिथे कुजबुजायचं तिथे तो भोंगा!"

"देऊ दे की. तुझ्या कमरेला तेवढाच आराम."

दादाने त्याच्याकडे असे पाहिले की धाकटा वरमला. मुले दूर गेली होती, मित्र एकेक करून कमी झाले होते, उरली होती ती बँडमधली मागच्या रांगेतली खुर्ची. तिथे बसून बराच वेळ नुसती वाट पाहायची आणि मग चार लांब स्वर वाजवायचे. ते कोणाला ऐकू येतात की नाही, देव जाणे. पण त्या चार स्वरांसाठी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

"जा, समोर चहा पिऊन ये. असा डोक्यावर बसू नकोस," धाकटा म्हणाला.

दादा गेल्यावर त्याने दुकानातले दिवे घालवले आणि नळीत बारीक दिवा सोडला. फटीतून उजेड कुठेच दिसेना. वाकणात दिवा जात नाही, म्हणून तिथल्या प्रत्येक पॅडखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून ओढून पाहिली. प्रत्येक पॅडने ती घट्ट धरली. त्याने धुडाला शिव्या घातल्या आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती.

"भावजी, हे पोचले का नीट?"

"पोचला, आणि भांडूनही झालं."

"आज जिन्यात दोनदा खाली बसले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात जोर राहिला नाही, फुंकणं बंद करा. महिना झाला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय, पण आज राहवलं नाही."

फोन ठेवून धाकटा धुडाकडे वळला. स्वर गेला म्हणजे नळी गळते, एवढेच त्याचे डोके चालायचे. नळीला तोंड लावणाऱ्या माणसाकडे बघायचे त्याला सुचलेच नव्हते. महिनाभर तो धडधाकट पॅड उचकटत बसला होता, आणि हा शहाणा समोर बसून ते बघत होता!

त्याने तोंडाकडची वेताची पत्ती ओली केली, धूड पायांत धरले, सगळी झाकणे दाबली आणि फुंकले. पहिल्याच फुंकीला तळाचा स्वर आला. भरदार आला. खिडकीची काच थरथरली, डब्यातले स्क्रू खुळखुळले. त्या आवाजाने धाकट्याला एकदम रडू आले आणि त्याचाही त्याला राग आला.

मान वर केली तर दारात दादा. चार पावले चालून आलेला, पण धापा टाकत होता.

"सापडली गळती?"

"सापडली," धाकटा म्हणाला. "खालच्या वाकणात होती. बदललं पॅड."

"एवढ्यात?"

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर उचलून डब्यात टाकला.

"वहिनीचा फोन आला वाटतं तुझ्या."

"हो, आला! महिनाभर मला मूर्ख बनवलंस. चांगली पॅड फाडायला लावलीस. मी काय परका होतो?"

दादाने स्टूल ओढले आणि सावकाश बसला. "मला वाटलं," तो म्हणाला, "एखादवेळी पॅडच असेल."

धाकटा धुडावरचे बोटांचे डाग पुसू लागला.

"परत वाजव तो," दादा म्हणाला.

"आणि शनिवारचं काय?"

"ट्यूबावाल्याला आज मीच सांगतो, हळू कसं घ्यायचं ते. तू वाजव. एवढी वर्षं हे पोटाशी धरून बसलो. समोरून कसं ऐकू येतं, मला माहीतच नाही."

धाकट्याने पत्ती पुन्हा ओठांत धरली. स्वर उठला आणि दुकानभर पसरला. दादाने डोळे मिटले आणि तळवा टेबलाच्या फळीवर टेकवला. धाकट्याला काही अशी सवय नव्हती. त्याचे तोंड लाल झाले, दम संपत आला. पण दादाने अजून डोळे उघडले नव्हते, म्हणून त्याने स्वर सोडला नाही.