अकरा नंबरची जागा

गोदामातले चाळीस सेन्सर वायरवालीने स्वतःच्या हातांनी ठोकले होते. त्यातल्या तीन सेन्सरची जागा साहेबांनी मोजून कॉम्प्युटरात भरली. बाकीच्यांची जागा कॉम्प्युटर त्या तिन्हींपासूनच्या अंतरावरून काढायचा. नकाशा उघडला, तर मागच्या भिंतीवरचा अकरा नंबर थेट साहेबांच्या केबिनमध्ये.

“तुम्ही भरलेल्या तीन जागांत एक चुकलीय,” ती म्हणाली. “टेप लावून परत मोजू.”

“मला अक्कल शिकवू नकोस. नकाशात दिसतोय तिथे सेन्सर हलव.”

तिने भिंतीवरचा अकरा नंबर काढला, शिडी केबिनमध्ये आणली, चढली आणि ड्रिल चालू केलं. साहेबांच्या टकलावर चुना सांडला.

“हे काय चाललंय?”

“तुमचा नकाशा पाळतेय. खुर्ची सरकवा, नाहीतर टेपचं दुसरं टोक धरा.”