चराची फळी

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड फळी आहे. रूपाचं म्हणाल तर नावाला नाही. एक टोक तुटलेलं आणि अंगभर खिळ्यांची भोकं. तरी माझं ऐकून घ्या, कारण एकदा एका माणसाचा जीव माझ्या भरवशावर होता.

वखारीतल्या करवतीखाली मी जन्मले. माझ्या गुळगुळीत बहिणी कपाटं-पलंग व्हायला गेल्या. मी गाठाळ, म्हणून मला चराच्या कामावर धाडलं. पाण्याचा नळ टाकायला माणूसभर खोल चर खणतात ना, त्याच्या भिंतीला मला उभं करायचे. समोरच्या भिंतीला दुसरी फळी आणि दोघींच्या मध्ये आडवा वासा ठोकलेला. माती रेटायची, आम्ही थोपवून धरायचो. चर ढासळला नाही की लोक म्हणायचे, "जमीन चांगली आहे हो!" घ्या! राबायचं आम्ही आणि कौतुक जमिनीचं!

आमच्या मुकादमाला सगळे दादा म्हणायचे. माणूस मनाने मऊ, पण कामाची भारी घाई. त्याचा धाकटा भाऊ चरात उतरून नळ जोडायचा आणि धाकट्याची बायको वर हातगाडीने माती ओढायची.

त्या दिवशी जुना नळ पाझरत होता. जमीन भिजली होती आणि गाडीचं चाक चिखलात रुतत होतं. दादा म्हणाला, "ती फळी उपसा आणि चाकाखाली टाका."

"दादा, हे खाली आहेत ना!" धाकट्याची बायको म्हणाली.

"अगं, एवढासा जोड राहिलाय त्याचा. एका फळीने काय होतंय?"

दोघा गड्यांनी मला उपसलं. चाक घसरू नये म्हणून माझ्या अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. एकेक खिळा शिरताना जीव नकोसा झाला. मग मला चराच्या कडेला आडवं टाकलं. मातीचा ढीगही कडेलाच होता. शिडी तर कोणीतरी पलीकडच्या टोकाला नेली होती.

मी जमिनीला पाठ लावून पडले आणि मला कळलं, खालची माती सुटतेय. ओरडावं तर तोंड नाही! माझ्या शेजारी जमिनीला केसाएवढी भेग पडली. खडे टपटप चरात पडू लागले.

धाकट्याच्या बायकोने ते पाहिलं आणि गाडी तिथेच सोडली. "अहो, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"आलो गं, शेवटचा आटा आवळतो."

"आटा गेला खड्ड्यात! कड फाटतेय!"

धाकट्याने मान वर केली. भेगेत आता बोट मावलं असतं. तो शिडीकडे वळला, पण शिडी भेगेच्या पलीकडे आणि वाट त्याच भिंतीखालून. दोघे गडी उडी मारायला धावले. दादा गरजला, "कोणी आत उतरायचं नाही! एकाचे तीन होतील! फळी द्या!"

दादाने आणि तिने गाडी लाथेने उलथवली. मला ओढत समोरच्या, शाबूत कडेला नेलं आणि तिथून तिरपं चरात सोडलं. धाकटा माझ्यावर चढला. चाकासाठी ठोकलेल्या पट्ट्यांवर त्याचे पाय रोवले गेले. एक पट्टी, दुसरी, तिसरी... तिने त्याचं मनगट पकडलं आणि मागून भिंत कोसळली. माझं टोक कडाडकन तुटून मातीत गाडलं गेलं. त्याची एक चप्पलही गेली.

मग दादा मटकन खाली बसला. "आईला काय तोंड दाखवलं असतं रे मी?" म्हणत लहान मुलासारखा रडला. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची बायको मात्र दादाशी दोन दिवस बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

आता मी भिंत धरायला आखूड पडते. दादाने मला शिडीच्या तोंडाशी, कडेपासून मागे टाकलंय. सकाळी उतरण्याआधी प्रत्येकाने माझ्यावर उभं राहायचं आणि बघायचं: भेग आहे का, पाणी झिरपतंय का, ढीग लांब आहे का, सगळ्या फळ्या जागेवर आहेत का, शिडी हाताशी आहे का.

मित्रांनो, खोदलेल्या जागी खेळायला जाऊ नका, आणि टेकू दिसला तर तो उगाच लावलेला नसतो, एवढं ध्यानात ठेवा. आमच्याकडे पहिला दादाच माझ्यावर उभा राहतो. त्याचा पाय अजून थरथरतो. तो थरथरतो तोवर मला धाकट्याची काळजी नाही.