ताईचं वाक्य

घरात सगळे तिला ताई म्हणत. धाकटा बोलायला लागला तसा तो तिला ताई म्हणू लागला, त्याचं ऐकून बाबा म्हणू लागले, मग आई, मग आजी, आणि शेवटी शेजारच्या काकूसुद्धा. दुसरीत शिकणारी, समोरचे दात पडलेली ही मुलगी अशी अख्ख्या घराची ताई होऊन बसली. धाकटा तीन वर्षांचा. गालांवरून त्याचं नाव पडलं ढब्बू.

ताई बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच हटून बसायचा. ‘स’नं सुरू होणारे शब्द तर तिचे जन्माचे वैरी. मग ती पळवाट काढायची. साबणाला ती ‘हात धुवायची वडी’ म्हणायची. सायकल हवी असली की ‘ती दोन चाकांची’. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, आणि घरात फोन वाजला की नेमकी तेव्हाच तिला आंघोळ आठवायची. तिच्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी आईबाबांना बजावून ठेवलं होतं की पोरीचं वाक्य पोरीचंच असतं, ते दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. कितीही वेळ लागो, तोंड मिटून ऐकायचं. बाबा छापखान्यात मशीन चालवायचे, त्यांना दिवसभर न बोलण्याची सवयच होती. आईला सुरुवातीला जड गेलं, पण तीही शिकली. आजीला मात्र काही केल्या जमेना. नात अडखळली की तिचा जीव कासावीस व्हायचा आणि ती पुढचा शब्द पुरवून मोकळी व्हायची.

आईचं स्वतःचं दुखणं जुनं होतं. लग्नाच्या आधीपासून तिला मधुमेह, रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागणारा. मुलांना त्याचं काही वाटत नसे. दात घासणं तसं आईचं सुई टोचणं. पण साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे आईनं ताईला नीट समजावलं होतं. मला दरदरून घाम येईल, हात थरथरतील, आणि मी उगाचच चिडायला लागेन. मी म्हणेन, मला काही झालेलं नाही. तेव्हा माझं अजिबात ऐकायचं नाही, आधी मला साखर द्यायची. आईचं ऐकायचं नाही, असं आईच सांगतेय, याची ताईला तेव्हा फार गंमत वाटली होती.

आई घरी पडदे शिवायची आणि लोकांकडे जाऊन बसवूनही द्यायची. त्यासाठी त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. मागच्या सीटवर कापडाचे तागे, डिकीत पडद्यांच्या दांड्या. मर्जी असली तरच चालायची, म्हणून बाबांनी तिला राणीसरकार नाव ठेवलं होतं. थंडीत तिला उठवावं लागायचं, उन्हात तिचं डोकं तापायचं, आणि चढावर ती अशी काही कण्हायची की आतले सगळे नकळत पुढं झुकून बसायचे.

त्या दिवशी सकाळपासून ढब्बू तापानं फणफणला होता. कान धरून रडत होता. त्याला शांत करता करता आईचं स्वतःकडे लक्षच राहिलं नाही. इन्शुलिन घेतलं, ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि ढब्बूनं सगळ्या अंगावर उलटी केली. ते निस्तरण्यात ताट तसंच राहिलं. ताईला शाळेला सुट्टी होती. दुपारी आईनं दोघांना गाडीत घातलं आणि मुलांच्या डॉक्टरकडे निघाली.

अर्ध्या वाटेवर, मोठ्या रस्त्याच्या कडेला, राणीसरकारांनी नाकातोंडातून वाफ सोडली. आईनं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. पाण्याचा रबरी पाइप फाटला होता आणि पाणी धो धो खाली गळत होतं. तिनं बाबांना फोन लावला. मशीनच्या खडखडाटात त्यांना ऐकू जाईना. मग ती उन्हात हात करत उभी राहिली. गाड्या सरळ पुढं निघून जात होत्या. ढब्बू आत रडत होता, ताई त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती.

थोड्या वेळानं आई दाराशी आली ती गाडीची किल्ली कुठं गेली म्हणत. किल्ली तिच्याच हातात होती. ताईनं ती दाखवली तर आई तिच्यावर खेकसली. ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं. आईचा ब्लाउज पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि किल्ल्यांचा जुडगा हातात खुळखुळत होता, कुणी हलवत नसताना.

ताईनं विचारलं, गोड काही देऊ का? आई म्हणाली, मला काही झालेलं नाही.

त्या वाक्यावर ताई गाडीतून खाली उतरली. आईचा हात धरून तिनं तिला मागच्या सीटवर बसवलं. आई कुरकुरली, पण बसली. ताईनं आईच्या पिशवीतून गोड गोळ्यांची डबी काढली. डबी रिकामी. ढब्बूकडे पाहिल्यावर तापातही त्याचा चेहरा पडला. त्या गोळ्या त्यानं कधीच लपूनछपून फस्त केल्या होत्या. ताई त्याला ओरडली नाही. तिनं किल्ल्या आईच्या हातातून काढून आपल्या फ्रॉकच्या खिशात टाकल्या, फुटपाथच्या बाजूचं दार हवेसाठी उघडं ठेवलं, आणि ढब्बूला सांगितलं की आईचा हात धर, मी येईपर्यंत सोडायचा नाही. एवढं सांगताना ती कितीदा अडखळली ते कुणी मोजलं नाही. ढब्बूनं दोन्ही हातांनी आईचा हात धरला.

रस्त्याच्या त्याच कडेला, चार पावलांवर, रंगाचं दुकान होतं. बाहेर डब्यांचे मनोरे, आत तेलकट वास, आणि गल्ल्यापाशी दुकानदार. माणूस जाडजूड, बोलका, आणि मनानं चांगला. पण गिऱ्हाइकाच्या तोंडून शब्द निघायच्या आत त्याला काय हवं ते ओळखण्यात त्याला मोठी फुशारकी वाटायची. एक माणूस दारांना लावायचा रंग निवडत होता. त्याच्या कोपराखालून ताई पुढं घुसली.

“स... स...” ती म्हणाली.

दुकानदारानं विचारलं, सफेद हवाय का? घरच्यांनी पाठवलं वाटतं. किती लिटर?

ताईनं मान हलवली. शब्द हटून बसला होता आणि तिला ठाऊक होतं की आत जितका जोर लावावा तितका तो अधिक हटतो. तिनं नेहमीची पळवाट धरली, दुसरा शब्द घेतला.

“गो-गोड...”

दुकानदार हसला. गोड म्हणजे फिकट गुलाबी, मुलींच्या खोलीला सगळे तोच नेतात, असं म्हणत त्यानं रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक तिच्यापुढं उघडलं. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, पोर घाबरलेली दिसतेय, हरवली असेल. मग दोघं मिळून तिचे शब्द ओळखायला लागले. आई कुठाय? शाळा चुकली का? तहान लागली का? ते एकेक शब्द पुढं करत होते आणि त्या गर्दीत तिच्या स्वतःच्या शब्दाला उभं राहायला जागाच उरत नव्हती.

ताईनं पंजा उघडला आणि काउंटरवर आपटला. रंगाच्या पट्ट्यांचं पुस्तक खाली पडलं.

“थांबा,” ती म्हणाली. “माझं बो-बोलणं अजून संपलेलं नाही.”

रंग निवडणाऱ्या माणसानं हातातला डबा खाली ठेवला.

मग ती बोलली. पळवाट काढली नाही, दुसरा शब्द शोधला नाही. प्रत्येक अडणाऱ्या शब्दाशी ती थांबली, त्याला यायला लागेल तेवढा वेळ दिला, मान ताठ ठेवून, दुकानदाराच्या डोळ्यांत बघत.

“माझी आई बाहेर गा-गाडीत आहे. तिला मधुमेह आहे. तिची स... स... साखर उतरलीय. मला पाण्यात सा-साखर घालून द्या. भरपूर. आणि माझ्याबरोबर या.”

दुकानदार पुढं कित्येक दिवस सांगत असे की त्या वाक्याला बराच वेळ लागला, पण मधे श्वास घ्यायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही. वाक्य संपल्यावर मात्र तो वाऱ्यासारखा आत गेला. चहासाठी ठेवलेला साखरेचा डबा त्यानं अर्धा पेल्यात रिकामा केला आणि चमच्यानं ढवळत, पाणी सांडत, ताईच्या मागून धावला.

आई डोळे अर्धवट मिटून बसली होती, पण जागी होती. ढब्बूनं तिचा हात सोडला नव्हता. त्याच्या गालांवर रडून सुकलेल्या रेघा होत्या. आईनं पेला दूर लोटला, नको म्हणाली. दुकानदार थबकला. एवढी मोठी बाई नको म्हणते तर जबरदस्ती कशी करायची, हे त्याला कळेना. ताईनं त्याच्या हातून पेला घेतला आणि आईच्या ओठांना लावला. आई, अशा वेळी तुझं ऐकायचं नाही असं तूच सांगितलंयस, याची तिनं आईला आठवण करून दिली. आईला ते कितपत कळलं देव जाणे, पण तिनं एक घोट घेतला. मग दुसरा. मग स्वतःच पेला धरला.

हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. हात थरथरायचे थांबले. दुकानदारानं कुठूनसा बिस्किटांचा पुडा आणला, तो आईनं मुकाट्यानं खाल्ला. मग तिनं आपल्या पोरीकडे पाहिलं, हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहिलं, आणि काय घडून गेलं ते तिच्या ध्यानात आलं. तिनं ताईला जवळ ओढलं. दुकानदार पाठ फिरवून राणीसरकारांचा फाटलेला पाइप फार लक्षपूर्वक बघू लागला.

गाडी तिथंच ठेवून दुकानदारानं तिघांना आपल्या टेम्पोतून दवाखान्यात पोहोचवलं. ढब्बूला पुढं बसायला मिळालं तेव्हा तो कान विसरला.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरबाईंनी ढब्बूचा कान तपासला, आत सूज होती, औषध लिहून दिलं. मग आईचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारलं की तुम्हाला काय झालं. आईच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजली, ती आता ठीक होती. आई सांगायला लागली. तेवढ्यात ताईनं तिच्या पदराला हिसका दिला.

“मी सांगते,” ती म्हणाली.

याआधी ती कधी असं म्हणाली नव्हती. डॉक्टरबाई हातातलं पेन खाली ठेवून ऐकायला बसल्या. दार उघडंच होतं. बाहेर कडेवर पोरं घेऊन बसलेल्या बाया होत्या, खोकणारी एक मुलगी होती, आणि नुकतेच पोहोचलेले, हाताला छपाईची शाई लागलेले बाबा होते. राहून गेलेला फोन पाहून त्यांनी उलट लावला होता आणि दवाखान्याचं नाव ऐकताच मशीन तसंच सोडून धावत आले होते. दाराच्या चौकटीला टेकून ते उभे राहिले. आत त्यांची मुलगी वाफेपासून सुरुवात करून एकेक गोष्ट सांगत होती. किल्ली, डबी, गुलाबी रंग. ‘साखर’ आली की अडायची, थांबायची आणि तो शब्द घेऊनच पुढं जायची. बाहेरच्या बायांपैकी कुणी कंटाळल्याचं दिसलं नाही.

गोष्ट संपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या की मोठी माणसंसुद्धा अशा वेळी गडबडून जातात. आईला त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं, उपाशी राहून इन्शुलिन घेतल्याबद्दल. आईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. बाबा आत आले. त्यांनी शाईच्या हातानं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या केसांना निळा पट्टा उमटला. तिनं तो दोन दिवस धुऊ दिला नाही.

संध्याकाळी बाबांनी मेकॅनिकला नेऊन राणीसरकारांना नवा पाइप घातला आणि पेला परत करायला दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, काउंटरवर पंजा आपटून. बाबांनी ती दवाखान्यात ऐकली होती, पण तसं सांगितलं नाही. पुन्हा ऐकायला त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी घरी येऊन आईला ते सांगितलं तेव्हा मुलं अंथरुणात होती. ढब्बू औषधानं गाढ झोपला होता. आई ताईच्या शेजारी आडवी झाली. दिवसभर तिच्या मनात भीती होती, आपण या लेकरावर केवढं ओझं टाकलं याची. तिनं हळूच विचारलं, तुला भीती नाही वाटली?

ताईनं विचार केला. मग म्हणाली, वाटली. ढब्बू हॉ-हॉर्न वाजवत बसेल आणि लोक आपल्याला ओरडतील, याची.

आई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “तुझ्यासारखी मुलगी माझ्या पोटी आली, याचा मला अभिमान आहे. मी उद्या सगळ्यांना सांगणार आहे.”

ताईनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

“नको,” ती म्हणाली. “मी सां-सांगेन.”