सोलो की कडवं

गाणं लिहिलं एका बाईसाठी आणि ती एकटी सोडून सगळ्या जगाला आवडलं, याला काय म्हणावं? नशीब म्हणावं तर बिचाऱ्या नशिबाचा काही दोष नव्हता. दोष गिटारवाल्याचा होता. बँडमधले त्याला खुंट्या म्हणायचे, कारण गिटारच्या खुंट्या पिळत बसायचा त्याला भारी नाद. समोर हॉल भरून माणसं ताटकळत बसलेली असोत, ह्याचं आपलं पिळणं चालूच. गिटार हातात आली की या माणसाला वेळेचं भान राहत नसे, आणि पुढचं सगळं महाभारत त्यातूनच घडलं.

झालं असं की खुंट्याच्या सासऱ्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन सकाळी आठला होतं. बायको आदल्या दिवशीच वडिलांकडे जाऊन राहिली होती आणि खुंट्याने बँडची व्हॅन घेऊन साडेसहाला त्यांच्या फाटकाशी यायचं ठरलं होतं. एकदा नाही, तीनतीनदा ठरलं होतं. आता त्याला आळशी म्हणाल तर तसंही नाही. गडी पाचला उठला, दाढी केली, व्हॅनची किल्ली खिशात टाकली. निघायला दहा मिनिटं होती म्हणून त्याने गिटार मांडीवर घेतली. बोटांना एक सूर सापडला, त्याच्या शेजारचा दुसरा सापडला, आणि मग एकाला एक असे काही लागत गेले की त्याने गिटार खाली ठेवली तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

सासरे बसने गेले. ऑपरेशन नीट पार पडलं, खडे बाटलीत आले आणि म्हातारा चौथ्या दिवशी घरी येऊन ती बाटली येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागला. बायको मात्र घरी आली ती कपडे न्यायला. भांडली नाही. भांडली असती तर खुंट्याला बरं वाटलं असतं, भांडणाला निदान उत्तर तरी देता येतं. तिने बॅग भरली, चप्पल घातली आणि वडिलांकडे राहायला गेली ती गेलीच.

खुंट्या हादरला. खोटं कशाला बोला, त्याचा जीव होता तिच्यावर. तिने परत यावं, यापलीकडे त्याला दुसरं काही म्हणता काही नको होतं. एखादा शहाणा माणूस असता तर उठून सासऱ्यांच्या घरी गेला असता, दारात उभा राहून चुकलो म्हणाला असता, दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि बायकोला घेऊन आला असता. चालत बारा मिनिटांचा तर रस्ता. पण आमच्या खुंट्याची तऱ्हा म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तो गाणं लिहायला बसला.

गाणं बाकी झालं फक्कड, त्याबद्दल वाद नाही. पहिल्या कडव्यात ती चप्पल घालते, मागे वळून बघत नाही, टेबलावर तिचा चहा निवत जातो. मग ते ध्रुवपद, जे पुढे पोराटोरांच्या तोंडी झालं: ये ना, ये ना, दार मी लावलंच नाही. मग गिटारचा सोलो. तो म्हणजे त्या सकाळी सापडलेले सूर, जसेच्या तसे. आणि मग दुसरं कडवं, ज्यात खुंट्याने माफी मागितली होती. सगळं गाणं त्या कडव्यासाठी होतं. रेडिओवर लागेल, ती ऐकेल, दुसरं कडवं येईल आणि ती विरघळेल, असा साधा सरळ हिशोब होता.

बँड होता कानठळ्या बसवणारा. ड्रमवाल्याने गाणं ऐकून घेतलं आणि यात मी नेमकं काय करायचं, असं निरागसपणे विचारलं. शेवटी त्याच्या हातात मऊ ब्रश दिले, आणि लेकीचे केस विंचरावे तसा तो ड्रम विंचरत बसला. गायकाने डोळे मिटून असं काही गायलं की जणू त्याचीच बायको पळाली होती. खरं तर त्याचं अजून कुठे जमतच नव्हतं. बाकी सगळं दुपारपर्यंत आटोपलं. सोलो मात्र खुंट्याने अकरा वेळा वाजवला. दहा वेळा सगळे छान म्हणाले, अकराव्यांदा कोणी काही बोललं नाही, तेव्हा त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रकाने त्याला स्टुडिओत बोलावून घेतलं. या गृहस्थाला सगळे कात्री म्हणत. त्या काळी गाणं टेपवर असायचं आणि नको तो भाग ब्लेडने कापून दोन टोकं चिकटवायची असायची. कात्रीचा हात असा सफाईदार की कापलेलं कळतही नसे. त्याने दोन्ही जागांवर पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या.

"रेडिओवाले साडेतीन मिनिटांच्या वर संथ गाणं घेत नाहीत. हे सव्वाचार आहे. तुझा सोलो पाऊण मिनिट आणि दुसरं कडवंही पाऊण मिनिट. दोन्हीतलं एक जाणार. बोल."

खुंट्याने सोलो पुन्हा एकदा लावायला सांगितला. ऐकला. मग कडवं ऐकलं. मग पुन्हा सोलो. काय वाजला होता हो! तिसऱ्या ओळीला तार अशी काही ओढली गेली होती की त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. तो कात्रीला म्हणाला, शब्द काय, कुणीही लिहितं. माफी खरी तर या सुरांमध्येच आहे, ज्याला कान आहेत त्याला कळेल. कात्रीने खांदे उडवले आणि ब्लेड उचललं. कडवं जमिनीवर पडलं, पन्नासेक फूट तपकिरी फितीचं वेटोळं.

आता माफी कापून टाकलेलं ते गाणं उरलं कसं, बघा. ती गेली. मागे वळून पाहिलं नाही. चहा निवला. हा बापडा दार उघडं टाकून वाट बघतोय. का गेली, त्याचा उच्चार नाही. सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की बाई दगडाच्या काळजाची असणार. महिन्याभरात गाणं घरोघरी पोचलं. सलूनमध्ये, लिफ्टमध्ये, दात काढायला गेलं तर तिथेही. टेलिफोन खात्याने तर फोन धरून ठेवणाऱ्यांना तेच ऐकवायला सुरुवात केली. बायका खुंट्याला पत्रं लिहू लागल्या की तिला जाऊ दे, आम्ही आहोत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे लोक हे गाणं लग्नात लावू लागले. बायको घर सोडून जाते, यावर नवरानवरी गळ्यात हात घालून पहिला नाच करायची. ध्रुवपदापलीकडचं ऐकतो कोण?

त्यात त्याची बायको लग्नाचे कपडे शिवणाऱ्या दुकानात कामाला. बेतायला, कापायला, कंबर आत घ्यायला तिच्याइतका चांगला हात त्या गावात नव्हता. दिवसभर नवऱ्या मुली आरशासमोर उभ्या राहणार, ही गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावणार आणि वर कोपऱ्यातल्या रेडिओवर तेच. एखादी मुलगी हुंदका आवरून म्हणायची, कोण असेल हो ती निर्दयी? ही तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणायची, सरळ उभी राहा.

सासऱ्यांना मात्र गाणं जाम आवडलं. बाजारात भेटले की खुंट्याच्या पाठीवर थाप मारत आणि जावईबापू, काय चाल बांधलीत, म्हणत. खुंट्याने एकदा धीर करून त्यांच्याबरोबर निरोप धाडला की गाण्यात माफीचं अख्खं कडवं होतं, त्या मेल्या कात्रीने कापलं. हो, असंच म्हणाला तो, कात्रीने कापलं. आठवड्याने सासऱ्यांनी उलट निरोप आणला. सांगताना त्यांनाच हसू आवरत नव्हतं. लेक म्हणते, चोराच्या उलट्या बोंबा. आणि दार लावलंच नाही म्हणून जगाला काय सांगतो, कडी मोडली होती म्हणून लागत नव्हतं. तीन महिने सांगत होते दुरुस्त कर.

खुंट्याने कडी बसवली. आणि पुढच्या कार्यक्रमात कडवं गायला लावलं. पहिल्या कडव्याला सगळा हॉल बरोबर गात होता. दुसरं सुरू झालं तसे लोक एकमेकांकडे बघायला लागले, हे काय मधेच घुसडलं म्हणून. कुणी शिट्टी मारली, कुणी पाणी प्यायला उठलं. दोनदा असं झाल्यावर गायकाने हात जोडले. पण सोलोला टाळ्या अशा पडल्या की छत खाली यावं. त्या टाळ्यांमध्ये खुंट्याला वाईट वाटायचं राहून जायचं.

बघता बघता पंचवीस वर्षं गेली. कागदोपत्री वेगळं व्हायचा दोघांनीही आळस केला आणि खुंट्याने त्या आळसाचा अर्थ आपल्या सोयीने लावला. कात्रीने माफी कापली नसती तर ती कधीच परत आली असती, हे तो इतक्यांदा सांगत आला होता की आता ते त्याला स्वतःलाही खरं वाटत होतं. मधल्या काळात सासरे गेले. त्या वेळी बँड दौऱ्यावर होता, खुंट्याने मोठा हार पाठवला.

गाण्याच्या पंचविशीनिमित्त टीव्हीवर कार्यक्रम ठरला. जुना मखमली कोट घालून या, असं त्यांनी कळवलं. कोट सापडला, पण मधले अडीच इंच काही केल्या जुळेनात. गावात शिंपी काय थोडे होते? पण खुंट्या कोट घेऊन नेमका तिच्या दुकानात गेला. आज तिला ते कडवं ऐकवायचंच आणि घरी चल म्हणायचं, असं ठरवून गेला.

तिचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्याला पाहून ती दचकली नाही की हसली नाही. कोट घाल म्हणाली. तो आरशासमोर उभा राहिला, पोट आत ओढून. ती तोंडात टाचण्या धरून मागच्या शिवणीला खडू लावू लागली आणि त्याने सुरुवात केली. तुला खरी गोष्ट कधी कळलीच नाही, त्या कात्रीने...

"कात्री आले होते गेल्या महिन्यात," ती म्हणाली. "लेकीचा लग्नाचा पोशाख शिवायला टाकलाय. मीच विचारलं त्यांना."

खुंट्याने आरशात पाहिलं. आरशात तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. सोलो अकरा वेळा वाजवलास म्हणे, असं ती म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. तो म्हणाला की चुकलं, सोलो काढायला हवा होता. पण कडवं त्याला पाठ आहे, अजूनही शब्दन्‌शब्द पाठ आहे, फक्त एकदा ऐक. तो गळा साफ करू लागला.

"गाऊ नकोस," ती म्हणाली. "नुसतं सांग."

चालीशिवाय ते त्याने कधी म्हटलंच नव्हतं. आरशाकडे बघत, शाळेत उभं केल्यासारखा तो म्हणू लागला:

"चुकलं माझं, राणी, उशिरा मला कळलं,
तुझ्यावाचून माझं सगळं गणित चुकलं,
माझी झोप उडाली, माझं घर हे रितं,
माझ्याच ओठांवरती माझंच उदास गीत."

शेवटच्या ओळीपर्यंत येता येता त्याचा आवाज खाली खाली गेला. पंचवीस वर्षं ज्याला तो जिवापाड जपत आला, ते हे एवढंच होतं. वर्षानुवर्षं चालीने सांभाळून घेतलं होतं. कापून जमिनीवर टाकलं तेच बरं झालं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तिने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"यात बाबा कुठे आहेत?"

 त्याने आठवून पाहिलं. ती सकाळ त्याला लख्ख आठवत होती, पण ती आपल्या खोलीतली: मांडीवरची गिटार, खिडकीतून आलेलं ऊन, तो तिसऱ्या ओळीतला सूर. बारा मिनिटांवरच्या त्या फाटकाशी त्या वेळी काय चाललं होतं, हे त्याने कधी मनातही आणलं नव्हतं आणि कुणाला विचारलंही नव्हतं. बाजारात भेटणारे, पाठीवर थाप मारणारे सासरे त्याला आठवले.

"बाबा किती वेळ उभे होते?" त्याने विचारलं.

"सव्वा तास," ती म्हणाली. "आत बसा म्हटलं, तर ऐकेनात. पोटात दुखत होतं, वाकून फाटकाला धरून उभे होते. म्हणत होते, जावईबापू येतील, त्यांना उगाच थांबायला लागू नये."

पलीकडच्या आरशासमोर एक मुलगी पांढऱ्या पोशाखात उभी होती, ती दुसरीकडे बघू लागली. खुंट्या हळूच म्हणाला, चुकलं माझं. त्यापुढे त्याला काही सुचलं नाही आणि या वेळी त्याने सुचवूनही घेतलं नाही. घरी चल म्हणायचं होतं, ते तो बोलला नाही.

 चष्मा वर सारून तिने डोळे पुसले आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

"पोट सोड आता," ती म्हणाली. "ओढून धरलंस तर खरं माप कसं मिळणार?"